पेंटबॉल मार्करचा ट्रिगर बाउन्स आणि डिबाउन्स सेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा इलेक्ट्रॉनिक मार्कर (पेंटबॉलच्या रंगभरल्या गोळ्या सोडणारी बंदूक) घेतला की पहिल्या आठवड्यात माणूस बॅरल, हॉपर (गोळ्यांचा डबा) आणि हवेच्या टाकीबद्दल विचारतो. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न येतो, "मी ट्रिगर एकदाच ओढला, मग गोळ्या दोन कशा सुटल्या?" मी पोटापाण्यासाठी फर्मवेअर (यंत्राच्या बोर्डावर चालणारं सॉफ्टवेअर) लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी अमेरिकेतल्या मैदानांवर रंग खातो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. वारंवार विचारलं जाणारं सगळं इथे एकत्र केलं आहे.

ट्रिगर बाउन्स म्हणजे नेमकं काय?

खेळाडूने ट्रिगर एकदा ओढला, पण मार्करच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाने तो दोनदा किंवा तीनदा ओढल्यासारखं मोजलं, तर तो बाउन्स. बोर्डाला बोट दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त एक तार: आत्ता जोडलेली आहे की तुटलेली. ती जोडली-तुटली-जोडली असं झालं की त्याच्या लेखी दोन ओढी झाल्या.

घोळ इथून सुरू होतो, कारण तार अशी चाळवण्याची कारणं दोन आहेत आणि लोक त्या दोघांना एकाच नावाने हाक मारतात. एक, विजेचा बाउन्स, स्विचच्या आत होतो; दुसरा, यांत्रिक बाउन्स, अख्ख्या मार्करच्या हिसक्याने. पहिल्याला औषध सोपं आहे. दुसऱ्याला मेनूतला डिबाउन्सचा आकडा अर्धवटच लागू पडतो.

स्विच आपोआप कसा उसळतो?

ओट्यावर स्टीलची वाटी पडली की ती एकदा "टण्" करून गप्प बसत नाही. टण्, टण्, टणटणटण करत निवते. मायक्रोस्विचच्या आत धातूची एक लवचिक पट्टी दुसऱ्या संपर्कावर आदळते, तेव्हा अगदी हेच होतं, फक्त फार लहान प्रमाणावर. पट्टी काही वेळा उसळते आणि मग टेकते. चांगल्या स्विचमध्ये हा खेळ एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो, जुन्या किंवा झिजलेल्या स्विचमध्ये पाच-दहा मिलिसेकंदही लागतात.

माणसाला हे कळायची सोय नाही. पण बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर ती तार सेकंदाला हजारो वेळा सहज तपासतो, त्यामुळे त्याला प्रत्येक उसळी स्वच्छ दिसते. कॉम्प्युटरचा जुना माउस एका क्लिकला दोन क्लिक करू लागतो, तोही याच जातीच्या स्विचचा आजार.

मग यांत्रिक बाउन्स वेगळा कसा?

खेळाडूंना खरा त्रास याचाच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

गोळी सुटते तेव्हा मार्करच्या आत बोल्ट (गोळीला बॅरलमध्ये ढकलणारा सरकता दांडा) पुढे जातो, हवा सुटते, बोल्ट मागे येतो. गोळीचं वजन तीन ग्रॅमच्या आसपास असतं, पण ती सेकंदाला ८५ ते ९० मीटर वेगाने निघते. तिचा आणि आतल्या हलत्या भागांचा मिळून एक झटका मार्करला मागे ढकलतो. आता समजा तुम्ही मार्कर सैल धरला आहे आणि बोट ट्रिगरला जेमतेम टेकलेलं आहे. मार्कर मागे सरकतो, त्याच्यासोबत ट्रिगरही मागे सरकतो, बोट मात्र जागच्या जागी. ट्रिगरला स्प्रिंग पुढे लोटते आणि स्विच सुटतो. मग खांदा आणि पुढचा हात मार्करला परत पुढे आणतात, ट्रिगर त्याच बोटावर येऊन आपटतो आणि पुन्हा स्विच दाबतो. दुसरी गोळी. तिचा झटका, तिसरी गोळी.

म्हणजे बोट हललंच नाही, मार्करच बोटाभोवती पुढे-मागे नाचला. ही अवस्था जमवणारी नेमकी जागा सापडली की ट्रिगर नुसता धरून ठेवायचा आणि मार्कर आपला धडधडत राहतो. खेळाडू याला "स्वीट स्पॉट" म्हणतात. नाव गोड आहे, समोरच्याला मात्र गोड लागत नाही.

आत हातोडीसारखा रॅम आदळणारे पॉपेट व्हॉल्व्हचे मार्कर जास्त हिसका देतात, स्पूल व्हॉल्व्हचे मऊ चालतात. म्हणून तोच ट्रिगर, तोच स्विच असला तरी एका मार्करवर बाउन्स होतो आणि दुसऱ्यावर होत नाही.

डिबाउन्स सेटिंग नक्की काय करतं?

एसटीच्या कंडक्टरची घंटी आठवा. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. दोरी ओढताना घंटी हलकेच दुसऱ्यांदा वाजली, तर ड्रायव्हरने काय समजायचं? मुरलेला ड्रायव्हर दोन टोल्यांमधलं अंतर ऐकतो. फारच चिकटून आलेला दुसरा टोला हा टोला नव्हेच, दोरीची थरथर आहे, हे त्याला कळतं.

डिबाउन्स म्हणजे ड्रायव्हरचा हा कान. बोर्डाला सांगितलेलं असतं की स्विच सुटला असं तेव्हाच मान, जेव्हा तो सलग इतके मिलिसेकंद सुटलेला राहील. ५ मिलिसेकंद ठेवले आणि स्विच ३ मिलिसेकंदांपुरता सुटून परत दाबला गेला, तर बोर्ड ती सुटका हिशेबात धरत नाही. त्याच्या मते बोट अजून पहिल्याच ओढीत आहे. पुरी सुटका झाल्याशिवाय नवी ओढ नाही.

काही बोर्डांत दाबण्यासाठी वेगळा आणि सोडण्यासाठी वेगळा आकडा असतो. दाबण्याचा आकडा स्विचच्या आतली टणटण गाळतो, सोडण्याचा आकडा यांत्रिक उसळीशी झुंजतो. तुमच्याकडे दोन्ही असतील तर पहिला लहान ठेवा आणि दुसऱ्यावर मेहनत घ्या.

आकडा वाढवला तर गोळी उशिरा सुटते का?

बोर्ड कसा लिहिला आहे त्यावर अवलंबून. एक पद्धत अशी की पहिला स्पर्श होताच गोळी सोडायची आणि नंतरची चुळबुळ दुर्लक्षायची. यात उशीर होत नाही. दुसरी पद्धत अशी की दाब काही मिलिसेकंद टिकला तरच विश्वास ठेवायचा. यात तेवढाच उशीर होतो.

पण उशीर म्हणजे किती? चार-पाच मिलिसेकंद. सोलेनॉइड (विजेवर चालणारी हवेची झडप) उघडायला, बोल्ट पुढे यायला आणि गोळी बॅरलमधून बाहेर पडायला त्याहून जास्त वेळ जातो. "डिबाउन्स वाढवल्यावर मार्कर आळशी वाटतो" असं सांगणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकतो, पण त्यांतल्या बहुतेकांना उशीर जाणवत नसतो, खाल्ल्या गेलेल्या ओढी जाणवत असतात. त्या कशा, ते पुढच्या उत्तरात.

मग आकडा किती ठेवायचा?

सरसकट उत्तर नाही, पण हिशेब सोपा आहे. समजा तुम्ही सेकंदाला १० वेळा ट्रिगर ओढता. एका ओढीला १०० मिलिसेकंद मिळाले. त्यातला साधारण अर्धा वेळ ट्रिगर दाबलेला, अर्धा सुटलेला. म्हणजे खऱ्या सुटकेला ५० मिलिसेकंदांच्या आसपास मिळतात. डिबाउन्स ५ असो की १५, तुमच्या बोटाला कुणी अडवत नाही.

आता दोन बोटांनी "वॉक" करणारा खेळाडू घ्या. तबल्यावर तिरकिट वाजवावं तशी तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने चालतात. सेकंदाला १५ ओढी धरल्या तर एका ओढीला ६७ मिलिसेकंद, आणि सुटका तीसेक मिलिसेकंदांची. इथे डिबाउन्स ३० ठेवलात तर काही सुटका कमी पडतील, बोर्ड त्या मोजणार नाही आणि दोन ओढींची एक होईल. वेग एकसारखा कमी होत नाही, अडखळतो. धाड-धाड-धाड-(काही नाही)-धाड. मार्कर आळशी वाटतो तो यामुळे.

माझी पद्धत अशी: कारखान्याच्या आकड्यापासून सुरुवात करायची. सगळ्यात सावकाश आणि सैल ओढीतही दुसरी गोळी सुटेनाशी होईपर्यंत एकेक पायरी वाढवायची. मग आपल्या सगळ्यात जलद वॉकने एकही ओढ खाल्ली जात नाही ना, ते बघायचं. दोन्ही अटी पाळणारा आकडा सापडला तर तोच तुमचा. सापडला नाही, म्हणजे बाउन्स थांबेपर्यंत ओढी खाल्ल्या जायला लागल्या, तर दोष मेनूत नाही, ट्रिगरच्या स्क्रूंमध्ये आहे.

मेनूत १ ते ९ आकडे दिसतात. हे मिलिसेकंद आहेत का?

असतील किंवा नसतीलही. काही कंपन्या सरळ मिलिसेकंद लिहितात, काही नुसत्या पायऱ्या देतात आणि एका पायरीत किती वेळ ते फर्मवेअर ठरवतं. म्हणून मित्राचा "मी ४ वर ठेवतो" हा सल्ला वेगळ्या बोर्डावर निरर्थक आहे. मॅन्युअल वाचा. सापडत नसेल तर निर्मात्याच्या संकेतस्थळावर बहुधा मिळतं.

काही बोर्डांत एएमबी हे आणखी एक सेटिंग असतं. अँटी मेकॅनिकल बाउन्स असा त्याचा अर्थ. कल्पना अशी की सावकाश ओढीत बाउन्सचा धोका जास्त, तेव्हा गाळणी कडक ठेवायची आणि खेळाडू जोरात वॉक करत असेल तेव्हा ती सैल करायची. कल्पना शहाणपणाची आहे. असेल तर चालू ठेवा.

डिबाउन्स, ड्वेल आणि रेट ऑफ फायर एकच का?

नाही, आणि मेनूत ती शेजारी-शेजारी असल्यामुळे भल्याभल्यांची गल्लत होते. ड्वेल म्हणजे सोलेनॉइडला किती मिलिसेकंद वीज द्यायची. तो कमी पडला तर गोळीचा वेग घसरतो किंवा बोल्टची पुढे-मागे फेरी पुरी होत नाही, जास्त झाला तर हवा वाया जाते. त्याचा तुमच्या बोटाशी संबंध नाही. रेट ऑफ फायर ही सेकंदाला सुटणाऱ्या गोळ्यांची कमाल मर्यादा. बाउन्स बंद करायला ड्वेलशी खेळू नका, दोन आजार होतील.

ऑप्टिकल किंवा चुंबकीय सेन्सर असेल तर बाउन्स संपतो ना?

स्विचच्या आतला, विजेचा, संपतो. प्रकाशाचा किरण अडवणाऱ्या सेन्सरमध्ये किंवा चुंबक ओळखणाऱ्या हॉल सेन्सरमध्ये धातू धातूवर आदळतच नाही, त्यामुळे वाटीची ती टणटण नाही. यांत्रिक बाउन्स मात्र तसाच राहतो, कधी वाढतोही. मायक्रोस्विचला दाबायला थोडा जोर लागतो आणि सुटायला ट्रिगर जरा पुढे येऊ द्यावा लागतो. हे अंतर म्हणजे फुकट मिळालेलं संरक्षण. किरणाला जोर लागत नाही. ट्रिगर अगदी काठावर उभा केला तर केसाएवढ्या थरथरीनेही सेन्सर हो-नाही-हो करतो. म्हणून चांगले बोर्ड "दाबला" यासाठी एक पातळी आणि "सुटला" यासाठी दुसरी पातळी ठेवतात, मधली जागा तटस्थ.

ट्रिगरचे स्क्रू कसे लावायचे?

मेनू उघडण्याआधी हे करा. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मार्करच्या ट्रिगरला तीन-चार स्क्रू असतात. एक पुढचा थांबा ठरवतो, म्हणजे ट्रिगर मोकळा असताना कुठे उभा राहील. एक मागचा थांबा, म्हणजे स्विच लागल्यावर ट्रिगर आणखी किती जाईल. एक परतीचा जोर, स्प्रिंगचा किंवा चुंबकाचा. काहींत स्विच नेमका कुठे लागेल त्याचा चौथा स्क्रू असतो.

नवशिक्याची चूक ठरलेली. त्याला ट्रिगर "माउसच्या क्लिकसारखा" हवा असतो, म्हणून तो पुढचा थांबा इतका आत घेतो की मोकळा ट्रिगर स्विचच्या काठावरच उभा राहतो. परतीचा जोर कमी करून टाकतो. मग मार्कर श्वास घेतला तरी सुटतो आणि तो मेनूत जाऊन डिबाउन्स वाढवत बसतो. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. एकदा खेळ सुरू व्हायच्या आधी बंकरमागे गुडघा टेकवताना मार्कर जमिनीला लागला आणि तीन गोळ्या माझ्याच बुटाजवळ फुटल्या. पंचाने मला बाहेर बसवलं, ते योग्यच केलं.

पुढच्या थांब्यापासून स्विच लागेपर्यंत थोडा प्रवास ठेवा. स्विच सुटण्याची जागा आणि ट्रिगर पूर्ण मोकळा होण्याची जागा, यांत जाणवण्याइतकं अंतर हवं. स्विच लागल्यानंतर अगदी किंचित प्रवास पुरे. परतीचा जोर असा हवा की मार्कर उभा, आडवा, उलटा कसाही धरला तरी ट्रिगर ठाम पुढे येईल. चुंबकाचा एक गुण ध्यानात घ्या: तो जवळ असताना जोरात ओढतो, लांब गेल्यावर ढिला पडतो, स्प्रिंगचा जोर मात्र दाबाबरोबर वाढत जातो. म्हणून चुंबकाचा ट्रिगर सुरुवातीला घट्ट आणि शेवटाला हलका लागतो, आणि त्याचा स्वीट स्पॉट बहुधा मागच्या टोकाला सापडतो.

बाउन्स आहे की नाही हे तपासायचं कसं?

हॉपर काढा, ब्रीचमध्ये (सुटण्याआधी गोळी बसते ती जागा) आणि बॅरलमध्ये गोळी नाही याची खात्री करा, बॅरलवर कव्हर चढवा, डोळ्यांवर मास्क ठेवा. हवा लावलेलीच हवी, कारण हिसका नसेल तर यांत्रिक बाउन्स दिसणार नाही. ब्रीचमधली गोळी ओळखणारे "आय" सेन्सर बंद करा, नाहीतर गोळी नाही म्हणून मार्कर सुटणारच नाही. मोड सेमी-ऑटो (एक ओढ, एक गोळी) ठेवा. रॅम्पिंगमध्ये, म्हणजे बोर्ड स्वतःच जादा गोळ्या सोडतो त्या मोडमध्ये, तपासलं तर काहीच कळत नाही.

आता मार्कर मुद्दाम सैल धरा, खांद्याला न टेकवता. ट्रिगर मुंगीच्या पावलाने मागे न्या. एकच आवाज आला पाहिजे. तसाच हळू सोडा. सोडताना आवाज आला तर तोही बाउन्सच. मार्कर उलटा करून पुन्हा करा. वीस-पंचवीस वेळा तरी करा, कारण बाउन्स दर वेळी येत नाही आणि नेमका पंच बघत असताना येतो.

डिबाउन्स मुद्दाम १ वर ठेवून जास्त गोळ्या मिळवणं ही चीटिंग आहे का?

सेमी-ऑटोच्या नियमात आहे. एक ओढ, एक गोळी, एवढाच तो नियम. "बोर्डाची चूक" हे कारण चालत नाही, कारण आकडा तुम्हीच ठेवला.

या प्रश्नाने या खेळाचे नियमच बदलले, म्हणून थोडा इतिहास. १९८१ च्या जूनमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरला बारा जणांनी पहिला खेळ खेळला, तो नेल-स्पॉट ००७ घेऊन. ते झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायचं अवजार. प्रत्येक गोळीसाठी हाताने पुन्हा सज्ज करायचं, बाउन्स कसला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्मार्ट पार्ट्सचा शॉकर आणि इंग्लंडमधल्या डब्ल्यूडीपीचा एंजल आले आणि ट्रिगर म्हणजे नुसता स्विच झाला. मागोमाग गोळ्या ढकलत पुरवणारे हॉपर आले. आता वेगाला अडवणारं फक्त फर्मवेअर उरलं, आणि फर्मवेअर पंचाला बाहेरून दिसत नाही. कोण खरंच वॉक करतो आणि कोणाचा मार्कर बाउन्स होतो, हे धुमश्चक्रीत कानाने ओळखायचं म्हणजे अशक्यच.

अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगनी दोन वाटा धरल्या. एनपीपीएल सेमी-ऑटोवर अडून बसली. पीएसपीने रॅम्पिंग मान्य केलं: पहिल्या काही ओढी एकास एक, मग बोट चालू असेपर्यंत बोर्डच ठरलेल्या कमाल वेगाने गोळ्या सोडणार. ती मर्यादा आधी सेकंदाला १५ होती, पुढे टप्प्याटप्प्याने खाली आली, आणि आज एनएक्सएल या लीगमध्ये ती १०.२ आहे. वेग मोजायला पंचाकडे यंत्र असतं, बोटाची नियत मोजायला नव्हतं. माझ्या मते तो निर्णय व्यवहारी होता, पण वॉक शिकण्यासाठी महिनोन्‌महिने टेबलावर बोटं बडवणाऱ्यांवर थोडा अन्याय झालाच.

मी रॅम्पिंगमध्येच खेळतो. मग मला काय फरक पडतो?

वाटतो त्यापेक्षा जास्त. १०.२ ची मर्यादा म्हणजे दोन गोळ्यांत ९८ मिलिसेकंदांचं अंतर. हिसक्याची उसळी वीस-तीस मिलिसेकंदांत येते, म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणून ती लगेच सुटत नाही. पण काही बोर्ड मधल्या वेळात आलेली एक ओढ लक्षात ठेवतात आणि वेळ झाली की सोडतात. असं असेल तर खोटी ओढ ९८ व्या मिलिसेकंदाला खऱ्या गोळीच्या ऐटीत बाहेर पडते. तुम्ही बोट थांबवलं तरी एक गोळी मागून जाते. समोरचा खेळाडू हात वर करून बाहेर निघाला असेल तर ती त्याच्या पाठीत बसते आणि दंड तुम्हाला.

शिवाय सुरुवातीच्या ओढींमध्ये खोट्या ओढी मिसळल्या तर रॅम्पिंग वेळेआधी सुरू होतं. तोही नियमभंगच.

लोणावळ्याला किंवा पुण्याजवळ भाड्याने मिळणाऱ्या मार्करमध्ये हे सेटिंग असतं का?

भाड्याचे मार्कर बहुतेक यांत्रिक असतात. बोर्ड नाही, बॅटरी नाही, म्हणून डिबाउन्सही नाही. ट्रिगर सरळ सिअर नावाची कडी सोडतो आणि हातोडी पुढे जाते. तरी असा मार्कर कधी एका ओढीत धडाधड सुटतो. कारण वेगळं: गॅस संपत आला की हातोडी पूर्ण मागे ढकलली जात नाही, सिअर तिला पकडू शकत नाही आणि ती पुन्हा पुढे धावते. सिअर झिजली असेल तरीही तेच. बोट काढा, नळी जमिनीकडे धरा आणि मार्कर परत देऊन दुसरा मागा. स्वतः दुरुस्त करू नका.

कालपर्यंत ठीक चालत होता, आज अचानक बाउन्स होतोय. सेटिंग तर हललं नाही.

आधी ग्रिप उघडून बघा. फुटलेल्या गोळीचा रंग ट्रिगरच्या खाचेत वाळला की ट्रिगर पुढे यायला आळस करतो. तो कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने निघतो. ट्रिगरचा स्क्रू सैल होऊन फिरला असेल तर पक्का करा. स्क्रूच्या आट्यांवर लावायचं निळं लॉकटाइट (स्क्रू पक्का करणारा गोंद) थेंबभर पुरतं, लाल लावू नका, पुन्हा सुटणार नाही. बॅटरी बदलून पाहा. हे सगळं करूनही तसंच असेल तर मायक्रोस्विच झिजला आहे. तो स्वस्त असतो, पण त्याच मापाचा आणि त्याच दाबाचा घ्या, आणि नवा बसवल्यावर डिबाउन्स पुन्हा खालून वर तपासा. जुन्या स्विचसाठी वाढवलेला आकडा नव्याला बहुधा लागत नाही.